इंटरनेटचे नियम आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट लहान आहे. तालुक्याच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, महिन्यातून एका रविवारी आम्ही बसतो. दोन निवृत्त शिक्षक, ग्राहक चळवळीतल्या एक ताई, एक मोबाइल दुरुस्तीवाले आणि कॉलेजची तीन-चार मुलं. टेलिकॉम किंवा इंटरनेटबद्दल सरकारचा एखादा मसुदा आला की तो वाचायचा, आपल्याला कळतं तेवढ्यावर उत्तर पाठवायचं, एवढंच काम. नवीन येणारा प्रत्येक जण तेच ते विचारतो, म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

‘नागरी समाज’ म्हणजे नेमके कोण?

शब्द जडच आहे, आम्हीही फारसा वापरत नाही. सरकारात नाहीत आणि कंपनीतही नाहीत, पण एखाद्या प्रश्नासाठी एकत्र आलेत, अशी सगळी माणसं त्यात येतात. ग्राहक पंचायत, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते, अंध व्यक्तींच्या संस्था, पत्रकार संघटना, वकिलांचे गट, मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी, गावातला बचत गट. नोंदणी असलीच पाहिजे असंही नाही. २०१५ साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांनी इंटरनेटवरच्या सगळ्या साइट आणि सेवांना सारखंच वागवावं यासाठी, रात्रीचा दिवस करणारे लोक तेव्हा कुठल्याही एका संस्थेचे नव्हते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था त्यांच्यातल्या काहींनी नंतर काढली.

नावात ‘फोरम’ किंवा ‘फाउंडेशन’ असलं की ती लोकांचीच संघटना, असं मात्र धरून चालू नका. पैसा कुठून येतो ते आधी बघावं.

धोरण ठरवायला सरकार आहे, तज्ज्ञ आहेत. आपण मध्ये कशाला?

पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरचा बंद. तिथल्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ए होतं. ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोय’ करणारा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. २००८च्या डिसेंबरात, मुंबई हल्ल्यानंतरच्या दिवसांत, संसदेने ते फारशी चर्चा न होता मंजूर केलं होतं. त्रास कशाला म्हणायचं आणि गैरसोय कुणाची, हे कुणी विचारलंच नाही, कारण तेव्हा तो मसुदा वाचून बोंब मारणारी माणसं कमी होती.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, नागरी हक्कांसाठी लढणारी पीयूसीएल आणि जनहिताच्या याचिका करणारी कॉमन कॉज यांसारख्या संस्थाही गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं. आणि तरीही पोलीस ठाण्यांत ते लावलं जात राहिलं! पीयूसीएलला पुन्हा न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ऑक्टोबर २०२२मध्ये ‘या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका’ असा आदेश निघाला. कलम मेलं, पण ते मेल्याची खबर ठाण्यापर्यंत पोचायला साडेसात वर्षं लागली. ती खबर पोचवण्याचं काम कुठल्याही खात्याकडे नव्हतं, ते संघटनांनी अंगावर घेतलं.

लोकांच्या पत्रांमुळे खरंच कधी काही बदललंय का?

बदललंय. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

मार्च २०१५च्या शेवटी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक सल्लामसलत पत्र काढलं. ११८ पानं, २० प्रश्न, इंग्रजी असं की वकिलालाही घाम फुटावा. विषय असा की व्हॉट्सॲपसारख्या सेवांना परवाना लागावा का आणि टेलिकॉम कंपन्यांना वेगवेगळ्या सेवांसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का. कंपन्या उत्तरं देणारच होत्या, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. काही पत्रकार, वकील आणि प्रोग्रॅमर मंडळींनी ते पत्र सोप्या भाषेत उतरवलं, वीसही प्रश्नांची उत्तरं तयार केली आणि ‘सेव्ह द इंटरनेट’ नावाच्या साइटवर ठेवली. विनोदी व्हिडिओ करणाऱ्या एका गटाने त्यावर व्हिडिओ काढला आणि मग लाट आली. दहा लाखांवर ईमेल ट्रायकडे गेले. एअरटेलच्या ‘झिरो’ योजनेत (ॲपवाल्या कंपनीने पैसे भरायचे, ग्राहकाला ते ॲप फुकट) जायला निघालेल्या फ्लिपकार्टने एप्रिलच्या मध्यावर माघार घेतली.

ट्रायने पुढे काय करावं? ते सगळे ईमेल, पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, वेबसाइटवर टाकून दिले. पारदर्शकता ही अशी. आमच्या गटातल्या सरांचा ईमेल पत्ताही त्यात होता, आणि इनबॉक्समध्ये कचरा वाढला की ते आजही त्याचाच दाखला देतात.

दुसरा अंक डिसेंबर २०१५मध्ये. या वेळी ट्रायने चारच प्रश्न विचारले, सगळे दरातल्या भेदभावाबद्दल. समोर होतं फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’: रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, रस्तोरस्ती फलक. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने नियम काढला: मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत, मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाखांचा दंड. फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. सेवांमध्ये भेदभाव न करण्याचं बाकीचं तत्त्व सरकारने जुलै २०१८मध्ये मान्य केलं.

पण फुकट मिळणारं इंटरनेट नाकारणं म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढणं नाही का?

हा वाद आमच्या वाचनालयातही कडाडून झाला होता. मार्क झुकरबर्ग यांनी डिसेंबर २०१५मध्ये टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला. त्यात गणेश नावाचा महाराष्ट्रातला एक शेतकरी होता, फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव बघणारा. हे फुकट देण्याला कुणाचा विरोध असू शकतो, असा त्यांचा सवाल.

आमच्यातले एक जण स्वतः कांदा पिकवतात. ते म्हणाले, ‘मला भाव बघायचाय तो आमच्या बाजार समितीचा. त्या यादीत आमची समिती आहे का?’ गोष्ट इथेच अडते. यादी कोण करणार, आणि यादीत नसलेल्याने काय करायचं? तालुक्यातल्या कुणी पोराने उद्या भावाचं चांगलं ॲप काढलं, तर त्याने कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं दार ठोठवायचं का? हे मुद्दे तेव्हाच्या उत्तरांमध्ये आले आणि ट्रायने नियमासोबतच्या स्पष्टीकरणात त्यांची दखलही घेतली.

सहा-आठ महिन्यांनी जिओ आलं आणि डेटाच स्वस्त झाला, हेही सांगितलं पाहिजे. चळवळीने भेदभाव रोखला, स्वस्ताई बाजाराने आणली. श्रेय ज्याचं त्याला.

एकाच मजकुराची लाख पत्रं जास्त वजनदार की एक मुद्देसूद पत्र?

त्याच फ्री बेसिक्सच्या वेळी ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या सुमारे १९ लाख फेसबुकने लोकांच्या हाती दिलेल्या तयार मजकुराच्या किंवा तशाच बाजूच्या होत्या. ‘फ्री बेसिक्सला माझा पाठिंबा आहे’ एवढंच त्यांत होतं, विचारलेल्या चार प्रश्नांचं उत्तर नव्हतं. ट्रायने फेसबुकला लिहिलं की हा सल्लामसलतीचा जनमत-कौल करून टाकण्याचा प्रकार आहे, प्रश्नांची उत्तरं द्या. तेव्हा आकड्याला महत्त्व आहे ते वर्तमानपत्रात बातमी येण्यापुरतं, आणि बातमीचीही गरज असतेच, नाही असं नाही. निर्णयाच्या कागदात मात्र मुद्दा जातो.

उलट बाजूचं उदाहरण. कॉल ड्रॉप झाला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने केला होता. ग्राहक संघटना खूश. मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी म्हणून रद्द केला, आणि नियम करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून कारणांसह उत्तर द्यायची सक्ती करणारा कायदा संसदेने करावा, असंही सुचवलं. आपल्या बाजूचा नियमही कच्च्या पायावर उभा राहिला तर टिकत नाही. तो धडा ग्राहकवाल्यांना फुकटात मिळाला. फुकटात म्हणजे, दिवसाचे तीन रुपये गेले.

ट्रायची पद्धत काय असते?

आधी सल्लामसलत पत्र, शेवटी प्रश्नांची यादी. लेखी उत्तरांना साधारण चार आठवडे. मग इतरांच्या उत्तरांवर प्रत्युत्तर द्यायला आणखी दोनेक आठवडे. नंतर खुली चर्चा, आता बहुतेक वेळा ऑनलाइन, कुणीही बोलू शकतं. सगळी उत्तरं ट्रायच्या साइटवर वाचायला मिळतात. कामात पारदर्शकता ठेवावी हे ट्रायच्या १९९७च्या कायद्यातच लिहिलंय.

प्रत्युत्तराचा टप्पा लोक सोडून देतात, तो सोडू नका. कंपनीने काय लिहिलंय ते वाचायला मिळतं, आणि ‘ग्रामीण ग्राहकांना याची गरज नाही’ असं कुणी लिहिलेलं सापडलं की ग्रामीण ग्राहकानेच उत्तर देण्यासारखी दुसरी मजा नाही.

एक फरक ध्यानात ठेवा. दर आणि सेवेच्या दर्जाबद्दल ट्राय स्वतः नियम करू शकते. परवाने, स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या रेडिओलहरी) वगैरेबद्दल ती फक्त शिफारस करते, निर्णय दूरसंचार विभागाचा.

मंत्रालयाच्या मसुद्यांचंही असंच असतं का?

छे. २०१४पासून केंद्र सरकारचं एक धोरण आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं तर पाळलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा २०२२च्या नोव्हेंबरात आला तेव्हा सूचना मागवल्या, पण त्या जाहीर केल्या जाणार नाहीत, असं सांगून. २०२५च्या जानेवारीतल्या नियमांच्या मसुद्यालाही तेच. म्हणजे कुठल्या कंपनीने काय मागितलं हे तुम्हाला कळणार नाही, आणि प्रत्युत्तराचा प्रश्नच मिटला. दूरसंचार कायदा २०२३ तर डिसेंबरात मांडल्यापासून चार दिवसांत दोन्ही सभागृहांतून बाहेर पडला, विरोधी बाकांवरचे शंभराहून जास्त खासदार निलंबित असताना.

कधी कधी उलटंही घडतं. सप्टेंबर २०१५मध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करणं, याबद्दलच्या धोरणाचा मसुदा आला. सामान्य वापरकर्त्यांनीही आपले संदेश साध्या मजकुरात ९० दिवस जपून ठेवावेत, असं त्यात होतं. म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या ‘गुड मॉर्निंग’ची वही घालायची! एवढा गदारोळ झाला की दोन-तीन दिवसांत मसुदा मागे घेतला.

हे सगळं इंटरनेटचं झालं. खेड्यातल्या लोकांनी कधी काही मिळवलंय का?

रेडिओ. आमच्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये सांगितलं. खटला क्रिकेट सामने दाखवण्याच्या हक्काचा होता, पण त्या वाक्यावर लोकांनी बोट ठेवलं: मालमत्ता आमची, तर बोलायचा अधिकार आकाशवाणी आणि खासगी एफएमलाच का? १९९६मध्ये बंगळूरला कार्यकर्ते आणि माध्यमांतली माणसं जमली आणि एक जाहीरनामा काढला. २०००मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात पस्तापूरला पुन्हा बैठक. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या दलित शेतकरी बायकांनी माचनूर गावात स्टुडिओ उभा करून ठेवला होता, पण परवानगी नाही. मग त्या काय करायच्या? बियाणी, पाककृती, गाणी, औषधं असे कार्यक्रम तेलुगूत ध्वनिमुद्रित करायच्या आणि संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटाच्या, बैठकीत कॅसेट वाजवून ऐकवायच्या. असं बरीच वर्षं.

सरकारने २००२च्या अखेरीस दार उघडलं ते फक्त शिक्षणसंस्थांना. सामाजिक संस्थांना परवाना मिळण्यासाठी नोव्हेंबर २००६ उजाडलं. माचनूरचा संघम रेडिओ १५ ऑक्टोबर २००८ला प्रसारित झाला. त्याच सुमारास साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ९०.४वर सुरू झाली. दुष्काळी पट्ट्यातली बाई शेळ्यांच्या रोगावर, बचतीवर, छावणीवर स्वतःच्या बोलीत बोलते आणि शेजारच्या वाडीतली ऐकते, ही सोय कुठल्याही मंत्र्याच्या डोक्यातून आलेली नाही.

मोडता एकच राहिला. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, आकाशवाणीच्या तेवढ्या पुढे ऐकवता येतात. कॉमन कॉजने २०१३मध्ये याविरुद्ध याचिका केली. गावातल्या टँकरची वेळ बातमी की माहिती, हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही.

न्यायालयात जाणं म्हणजे धोरण घडवणं का?

शेवटचा उपाय, पण हो. त्यातलं एक प्रकरण तर मुंबईतलंच. एप्रिल २०२३च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारला स्वतःच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर ‘खोटा’ ठरवणारा तथ्य-तपासणी कक्ष नेमता येणार होता. विनोदकार कुणाल कामरा, संपादकांची एडिटर्स गिल्ड आणि मासिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मतं परस्परविरोधी पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४मध्ये न्या. पटेल यांच्या बाजूने मत दिलं आणि नियम रद्द झाला.

इंटरनेट बंदीबाबत काश्मीरमधल्या संपादक अनुराधा भसीन यांच्या खटल्यात जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. ते सगळीकडे होतात का? संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१च्या अहवालात लिहिलं की देशात किती वेळा इंटरनेट बंद झालं याची नोंदच गृह आणि दूरसंचार खात्यांकडे नाही. नोंद होती ती एसएफएलसी या वकिलांच्या संस्थेच्या साइटवर, बातम्या वेचून जमवलेली. कधी कधी संघटनेचं मोठं काम म्हणजे नुसतं मोजणं.

डेटा संरक्षण कायदा आला, आता माहिती अधिकारवाले का ओरडतायत? खासगीपणा तर सगळ्यांनाच हवा होता ना?

चळवळी एकमेकींना कशा आडव्या येतात याचं हे उदाहरण आहे. ऑगस्ट २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती, २०१८चा अहवाल, २०१९चं विधेयक, ते २०२२मध्ये मागे, आणि अखेर ऑगस्ट २०२३मध्ये कायदा. कायद्यासाठी झटणाऱ्या संघटना होत्या. पण त्याच कायद्याच्या कलम ४४(३)ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)ला कात्री लावली.

आधी वैयक्तिक माहिती नाकारायला कारण लागायचं: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, वगैरे. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुणालाच नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. आता नुसतं ‘वैयक्तिक’ म्हटलं की पुरे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नावं असतात. घरकुलाच्या यादीत नावं असतात. नावं काढली की तो कागद कशाला? मेलेल्या माणसाच्या नावे मजुरी उचलली, हे नाव वाचल्याशिवाय ग्रामसभेला कळणार कसं? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत हेच तर केलं: हजेरीपट मोठ्याने वाचला.

नोव्हेंबर २०२५मध्ये नियम निघाले तेव्हा कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिने मिळाले. माहिती अधिकारातला बदल मात्र लगेच लागू झाला. कोणती घाई होती हे ज्याने त्याने ठरवावं. कलम ८(२), म्हणजे व्यापक जनहितासाठी माहिती देता येते ही तरतूद, अजून शाबूत आहे. अर्ज लिहिताना तिचा उल्लेख आवर्जून करा.

सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांचा धोरणाशी काय संबंध?

जुन्या संगणकावरचं एखादं परिपत्रक उघडून बघा. ‘महाराष्ट्र शासन’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भुगा दिसतो, कारण तो विशिष्ट कंपनीचा फॉन्ट तुमच्याकडे नाही. सरकारी कागद वाचायला विशिष्ट कंपनीचा माल विकत घ्यावा लागू नये, ही मुक्त मानकांची मागणी. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ती लावून धरली आणि नोव्हेंबर २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचं राष्ट्रीय धोरण आलं. त्याआधी, मार्च २००८मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-प्रकाराला आंतरराष्ट्रीय मानक करण्याविरुद्ध भारताने मत दिलं होतं. तरी ते मानक झालंच.

अपंग व्यक्तींच्या संघटनांचा वाटा?

मोठा, आणि बातम्यांत सगळ्यात कमी येणारा. अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक स्कॅन करून ऐकता येईल असं केलं तरी तो कॉपीराइटचा भंग ठरू शकत होता. संघटनांच्या रेट्याने २०१२मध्ये कायदा बदलला, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत ठरला, २०१४मध्ये. एप्रिल २०२५चा निकाल तर सगळ्यांनी वाचावा. बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईने काय मिचकावायचं? सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले.

तुम्हाला कुणी निवडून दिलंय?

कुणी नाही. हा टोमणा खरा आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक संस्था दिल्ली-बंगळूरच्या, इंग्रजीत विचार करणाऱ्या. परदेशी देणगीचे नियम कडक झाल्यापासून काही गप्पही झाल्या. ब्राझीलने यावर एक तोड काढली आहे: तिथल्या इंटरनेट समितीत २१ सदस्य असतात, सरकारचे ९, बाकीचे उद्योग, संशोधक आणि संघटनांचे, आणि संघटनांचे प्रतिनिधी संघटनाच मतदान करून निवडतात. तिथला २०१४चा इंटरनेट हक्कांचा कायदा त्याच वातावरणात तयार झाला. आपल्याकडे तसं काही नाही. जिनिव्हा आणि ट्युनिसच्या जागतिक परिषदांत, २००३ आणि २००५मध्ये, सरकार, उद्योग आणि नागरी समाज यांनी मिळून इंटरनेटचा कारभार बघावा असं ठरलं खरं, पण त्या तिघांत म्हसवडची बाई कुठे बसते हे तिथे कुणी सांगितलं नाही.

आम्ही एवढंच पाळतो: उत्तरात ‘जनतेचं मत’ असं लिहीत नाही. ‘आम्ही अमुक इतके जण, अमुक गावचे’ असं लिहितो.

आमच्यासारख्यांच्या अनुभवाचा दिल्लीत काय उपयोग?

एक सकाळ सांगतो. रेशन दुकानाच्या पायरीवर आमची एक विद्यार्थिनी वही घेऊन बसली होती. एक आजी आल्या. अंगठा उमटेना. हात धुऊन बघितला, पदराला पुसून बघितला, दुसरं बोट लावलं. भाताची लावणी केलेले हात, रेषा झिजलेल्या. दुकानदार वाईट नव्हता, तो मशीन घेऊन रेंजसाठी रस्त्यापर्यंत गेला. आजी म्हणाल्या, ‘बोटाला काय विचारता, मला विचारा की, मी कोण हाय ते.’ मुलीने सगळं लिहून घेतलं: किती वेळा, कुठलं बोट, रेंज होती की नाही, शेवटी धान्य मिळालं का.

आधारच्या खटल्यात अन्न अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी मांडलं ते असंच पायरीवर बसून जमवलेलं होतं. सप्टेंबर २०१८च्या निकालाने आधार टिकलं, पण खासगी कंपन्यांना ते सक्तीने मागता येणार नाही असं ठरलं, आणि बोट जुळलं नाही म्हणून कुणाचा लाभ तोडू नये, हेही नोंदलं गेलं. अर्धा विजय म्हणा. दिल्लीतल्या वकिलाकडे कायदा असतो, ती वही नसते.

उत्तर मराठीत पाठवलं तर चालतं का?

गाऱ्हाण्यासाठी कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याला देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं, असं राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं. मसुद्यावरची प्रतिक्रिया ‘गाऱ्हाणं’ की ‘सूचना’ यावर वकील वाद घालतील, घालू देत. २०२०मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितलं होतं, म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही. आम्ही पहिल्या पानावर इंग्रजीत दहा ओळींचा सारांश देतो, आणि मागे मूळ मराठी. नुसतं मराठी पाठवलं तेव्हा ते वाचलं गेलं असं आम्हाला तरी जाणवलं नाही.

उत्तर लिहायचं कसं आणि पाठवल्यावर काय करायचं?

प्रश्न क्रमांक टाकून उत्तर द्या. वीसपैकी तीनच प्रश्न कळले तर तिघांचंच द्या, बाकी सोडा. आपण कोण, कुठले, हे दोन ओळींत. मग अनुभव, मग मागणी. ‘सरकारने योग्य ती पावलं उचलावीत’ असं लिहू नका, नेमका शब्द सुचवा: कुठल्या कलमात काय बदलावं. शिव्या नकोत. कागद कितीही चिडवणारा असो, ती चीड चहाबरोबर संपवावी.

फाइल पीडीएफ करा, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. स्वतःचा फोन नंबर आत टाकू नका, उत्तर जाहीर होतं. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आमचं एक उत्तर मुदतीच्या संध्याकाळी वीज गेली म्हणून मोबाइल दुरुस्तीवाल्यांच्या हॉटस्पॉटवरून, त्यांच्या दुकानाच्या शटरखाली बसून पाठवलंय. पोच आली की प्रिंट काढून फाइलला लावा. आठवड्याभराने साइटवर आपलं उत्तर लागलंय का बघा, नसेल तर पोच जोडून पुन्हा लिहा. अंतिम नियम निघाला की त्यासोबतचं स्पष्टीकरण उघडून आपल्या मुद्द्याचा शब्द शोधा. बहुतेक वेळा सापडत नाही. एकदा सेवेच्या दर्जाबद्दलच्या कागदात ‘काही ग्राहक गटांनी असं नमूद केलं की’ अशी ओळ सापडली, मुद्दा आमचाच होता. सरांनी त्या पानाची झेरॉक्स काढून वाचनालयाच्या फलकावर लावली, अजून आहे.